बापूजींची शाब्बासकी

गोपिकेला घरी आणलं ते सुमतीनंच. पुढे फार दिवस हे तिच्या डोक्यातून गेलं नाही, कारण दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

१९७४ सालचा जानेवारी होता. दोघी नागपूरच्या सरकारी इस्पितळात, मेडिकलमध्ये, रजिस्ट्रार म्हणजे निवासी डॉक्टर होत्या आणि एप्रिलात एम.डी. मेडिसिनच्या परीक्षेला बसणार होत्या. त्या वर्षी उमेदवार सहा, त्यांत बाया या दोघीच. लेडी डॉक्टरांच्या होस्टेलमागे नवी इमारत उठत होती आणि दिवसभर ठोकाठोकी चाले. "वाचलेलं सारं डोक्यातून सांडून राहिलं," असं गोपिका एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाली, आणि सुमती सहज बोलून गेली, "आमच्याकडे धंतोलीत ये ना. संध्याकाळी दवाखाना मिटला की खालची खोली रिकामीच असते."

खालचा दवाखाना सुमतीच्या वडिलांचा. डॉक्टर वामनराव पागे. पण धंतोलीत त्यांना सगळे बापूजीच म्हणत, आणि सुमतीही तेच म्हणे. पाटीवर नावापुढे एल.एम.पी. एवढीच अक्षरं होती. इंग्रजांच्या काळचा चार वर्षांचा तो डॉक्टरकीचा परवाना. पुढे सरकारनं अशा डॉक्टरांना एम.बी.बी.एस. करून घ्यायची सोय काढली, तेव्हा बापूजींचं नाव यादीत लागलंही होतं. पण त्याच महिन्यात त्यांचे वडील गेले, धाकटी भावंडं पदरात आली आणि ते राहिलं ते राहिलंच. आजूबाजूला मोठमोठ्या डिग्र्यांचे डॉक्टर येऊन बसले, त्यांची नर्सिंग होम उभी राहिली. तरी काटोल-वरोऱ्याकडून बसमधून उतरलेला माणूस बापूजींचाच पत्ता विचारत येई.

सुमती त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेपासून पहिला नंबर कधी सोडला नव्हता. निकालाचा कागद ती बापूजींच्या टेबलावर ठेवी, ते चष्मा वर करून बघत आणि म्हणत, "बरं." एवढंच. मॅट्रिकला जिल्ह्यात पहिली आली तेव्हा बरं, एम.बी.बी.एस.ला सुवर्णपदक मिळालं तेव्हाही बरं. आई, म्हणजे यमुताई, समजूत घाली, "त्यांचा स्वभावच तसा आहे गं. तोंडावर कौतुक करत नाहीत कुणाचं." सुमतीनं ते मानून घेतलं होतं. स्वभावच तसा, म्हटल्यावर पुढे काही बोलायचं उरत नाही.

गोपिका डाखोळे पहिल्या संध्याकाळी आली ती तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. नरखेडजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत. चालताना चपला वाजवायची. यमुताईंच्या हाती पिशवी देऊन म्हणाली, "बाबानं पाठवल्या. मीठ टाकून उकडा, लय गोड लागतात." आणि मग थेट बापूजींच्या पाया पडली.

बापूजींना आवरून वर जायचं होतं, पण दोघींची पुस्तकं बघून ते थांबले.

"काय वाचताय?"

"इमर्जन्सीज," सुमती म्हणाली. त्या वर्षी तोंडी परीक्षेत तातडीच्या रुग्णांवर फार भर असणार, असं सगळे सांगत होते.

"हं. मग सांगा. माणूस चालत आला आणि या दारात पडला. पहिलं काय कराल?"

सुमतीनं बेशुद्धीची कारणं सांगायला सुरुवात केली. मेंदूतली, हृदयातली, साखरेची, विषाची. एकाखाली एक, पुस्तकात होती तशी. अकरा कारणं झाली. बापूजी ऐकून घेत होते. मग त्यांनी गोपिकेकडे पाहिलं.

"मी आधी त्याले कुशीवर वळवीन बापूजी," ती म्हणाली, "आणि तोंडात बोट घालून पाहीन, पान-बिन अडकलं का म्हणून. कारण मग शोधता येते."

बापूजी हसले. मोठ्यानं, खुर्चीत मागे रेलून हसले. "शाब्बास," म्हणाले. "अकरा कारणं पाठ आहेत आणि माणूस गेला, असं नको व्हायला."

सुमतीही हसली. पण वर जाताना जिन्यात तिच्या लक्षात आलं, की हा शब्द त्यांच्या तोंडून आपण आज पहिल्यांदा ऐकला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही दुसरीसाठी.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. साडेसातला शेवटचा रुग्ण गेला की बापूजी हात धुऊन येत आणि विचारत, "बरं, आज दारात कोण पडलं?" मग कधी साप चावलेला शेतमजूर, कधी उन्हानं तापून बरळणारा हमाल, कधी ढेकणांचं औषध प्यालेली सून. सुमती बिनचूक उत्तरं देई. बापूजी मान हलवत. गोपिकेचं उत्तर कधी अर्धवट असे, पण तिनं तो माणूस पाहिलेला असे. "आमच्या गावात असा एक आला होता" म्हणून ती सुरू झाली की बापूजी पुढे सरकून बसत.

एकदा त्यांनी स्वयंपाकघरातून ज्वारीचा पत्र्याचा डबा आणवला. झाकण न उघडता, नुसतं बोटावर बोट ठोकून, आत ज्वारी कुठवर आहे ते सांगा म्हणाले. छाती ठोकून आतला रोग ओळखायचा तो असाच. सुमतीनं तीन-चारदा ठोकलं आणि खडूनं रेघ ओढली. गोपिकेनं डोळे मिटून एकदाच वरून खाली ठोकत आणलं आणि आपली रेघ ओढली. झाकण उघडलं तेव्हा ज्वारी गोपिकेच्या रेघेला बरोबर लागून होती. सुमतीची रेघ चार बोटं वर.

"हिच्या बोटाला कान आहेत," बापूजी यमुताईंना म्हणाले. त्या रात्री जेवताना पुन्हा म्हणाले.

तेव्हापासून सुमतीच्या आत काहीतरी कुरतडायला लागलं. ती बारीकसारीक गोष्टी मोजायला लागली. गोपिका यायची असली की बापूजी चहा थांबवतात. चांगला रुग्ण आला की म्हणतात, "याला संध्याकाळी बोलावू, गोपिकेला छाती ऐकवायची आहे." आपली वाट अशी कुणी कधी पाहिली होती? ती गोपिकेच्या चपलांचा आवाज ऐके आणि तिचं कपाळ आवळून येई. गोपिका मांडी घालून जेवायला बसे, मागून वाढून घेई, आणि यमुताई कौतुकानं म्हणत, "पोटभर खाते हो पोर." सुमतीला वाटे, हेसुद्धा कौतुक करण्यासारखं असतं का?

एकाच ठिकाणी तिची बाजू वरची होती. तोंडी परीक्षा इंग्रजीत व्हायची. सुमती कॉन्व्हेंटात शिकलेली. गोपिका गावच्या मराठी शाळेतून आलेली. लिहिताना तिची अडचण नव्हती, पण बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात मराठीत तयार होई, आणि ते इंग्रजीत येईस्तोवर विचारणारा पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. तिनंच विचारलं होतं, "मले बोलायले शिकवशीन का वं? रोज अर्धा तास. तू परीक्षक हो, मी उत्तरं देतो." सुमतीनं आनंदानं होकार दिला होता. त्या अर्ध्या तासात ती खुर्चीत बसे, गोपिका समोर उभी राही, अडखळे, घामाघूम होई आणि सुमती दुरुस्त करी. दिवसातला तेवढाच वेळ तिच्या मनाला थंडावा असे. आणि गोपिका खरोखर सुधारत होती. मार्च लागेपर्यंत ती सलग पाच-सहा वाक्यं न थांबता बोलू लागली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घडलं.

उन्हं तापायला लागली होती. दवाखाना बंद होता, दोघी खाली वाचत बसल्या होत्या. उन्हाळ्यात ओल्या करून दाराला लावायच्या मागच्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या माळ्यावरून काढून झटकायचं बापूजींनी मनावर घेतलं. त्यांना जुना दमा होता, यमुताई नको नको म्हणत होत्या. धूळ उडाली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. मग ती एकदम थांबली, आणि बापूजी उजव्या बरगडीवर हात दाबून दवाखान्याच्या दारात आले. तोंड उघडं, ओठ जांभळे, शब्द फुटत नव्हता. स्टुलावर कसेबसे टेकले.

"दम्याचा अटॅक," सुमती म्हणाली. तिनं कपाट उघडलं, दम्यावरच्या इंजेक्शनची अँप्यूल फोडली आणि सिरिंजमध्ये भरू लागली. हे तिनं कॅज्युअल्टीत शंभरदा केलं होतं.

गोपिका बापूजींसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिनं त्यांच्या सदऱ्याची बटणं तोडूनच काढली आणि छातीवर बोट ठोकलं. डावीकडे ठोकलं, उजवीकडे ठोकलं. उजवीकडे रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. तिनं कान लावला, मग गळ्यावर बोट ठेवलं.

"सुमती, दमा नाही हा. उजवं फुप्फुस फुटलं. हवा भरून राहिली आत, श्वासनळी सरकली डावीकडे."

सुमतीनं वळून पाहिलं. एका क्षणात तिला कळलं की हे खरं आहे. गळ्याच्या फुगलेल्या शिरा, न हलणारी उजवी बाजू. पुस्तकाचं ते पान तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, चित्रासकट. आणि त्या पानावर पुढे काय लिहिलं होतं तेही: एक्स-रेची वाट न पाहता लगेच सुई टोचावी.

"मेडिकलला फोन करते," ती म्हणाली. "आधी एक्स-रे घेऊन खात्री..."

"तोवर राहत नाहीत ते."

गोपिका उठली आणि सकाळीच उकळून ठेवलेल्या सुयांतली सगळ्यांत जाड सुई तिनं चिमट्यानं उचलली. कॉलरच्या हाडाखाली बोटानं बरगड्या मोजल्या. मग सुमतीकडे पाहिलं.

"टोचू?"

सुमतीच्या हातात ती भरलेली सिरिंज तशीच होती. हो म्हणायला तोंड उघडेना, नाहीही म्हणवेना. गोपिकेनं वाट पाहिली ती एवढीशीच. मग सुई आत गेली आणि सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी फुस्सकन हवा बाहेर आली. ती येतच राहिली. बापूजींची छाती खाली बसली, ओठांचा जांभळा रंग उतरला, आणि त्यांनी एक मोठा श्वास आत ओढला.

त्यानंतरचं सगळं सुमतीनं केलं. सुईला नळी जोडली, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, फोन केला, गाडी आल्यावर बाटली त्यांच्या छातीच्या पातळीखाली धरून मेडिकलपर्यंत बसली. सगळं नीट केलं. पण ते कुणीही केलं असतं.

बापूजी दहा दिवस वॉर्डात होते. भेटायला रीघ लागली. येईल त्याला ते सांगत, "या पोरीनं वाचवलं मला. बोटानं ओळखलं, बोटानं." शेजारच्या कांताबाई डबा घेऊन आल्या तेव्हा सुमती पलंगाच्या उशाशीच होती.

"आणि आपली सुमती?" कांताबाईंनी विचारलं.

"ती होती ना तिथेच," बापूजी म्हणाले.

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण सुमती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. बाप वाचला होता. ती देवाचे, दैवाचे, सगळ्यांचे उपकार मानत होती. फक्त जिचे मानायचे तिचे मानवत नव्हते. दुसऱ्या कुणी टोचली असती ती सुई, वॉर्डबॉयनं टोचली असती तरी चाललं असतं. हिनंच का? आणि हिनं आपल्याला विचारलं का? विचारलं नसतं तर निदान एवढं तरी राहिलं असतं, की मी होच म्हणणार होते.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. पहिले काही दिवस इस्पितळाच्या धावपळीत इंग्रजीचा अर्धा तास आपोआप बुडाला. बापूजी घरी आले, त्या संध्याकाळी गोपिका आली. त्यांची विचारपूस करून झाल्यावर खाली येऊन म्हणाली, "आज बोलायचं का?"

"आज नको. डोकं दुखतंय."

दुसऱ्या दिवशीही सुमतीचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी गोपिका दारातच थांबली. "काहून वं, रोजच दुखते का आता?" तिच्या आवाजात काळजी होती की आणखी काही, ते सुमतीला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. "तुझं आता चांगलं होतं की बोलणं," ती पुस्तकात बघत म्हणाली. "तुला कशाला हवी मी?"

गोपिका त्यानंतर आली नाही. बापूजींनी दोनदा विचारलं, "पोर कुठे आहे?" सुमतीनं सांगितलं, "होस्टेलवरच वाचते म्हणे. ठोकाठोकी थांबली तिथली." ते खोटं होतं.

परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक मद्रासचे होते, झरझर बोलणारे. सुमतीचा पेशंट चांगला गेला, तोंडीही चांगली झाली. दुसऱ्या दिवशी निकाल बोर्डावर लागला. सहांपैकी चार पास. सुमती पहिली. गोपिकेचं नाव नव्हतं.

केशव घाटे म्हणून त्यांच्याच बॅचचा एक जण होता. गोपिकेची तोंडी चालली असताना तो पुढच्या नंबरासाठी दाराशी बसला होता. त्यानं सांगितलं, "कीटकनाशक प्यालेल्या माणसावर विचारलं तिला. मी मनात म्हटलं, हिच्या हातचाच विषय. गेल्या वर्षी कॅज्युअल्टीत अशी पन्नास माणसं हिनं वर काढली असतील. पण पहिलं वाक्य तुटलं, दुसरं तुटलं. सरांना वाटलं येत नाही. ते पुढे गेले. मग ती गप्पच झाली."

सुमती घरी आली. यमुताईंनी देवापुढे साखर ठेवली. सुमती वर गेली आणि बापूजींना म्हणाली, "पास झाले. पहिली."

"बरं," बापूजी म्हणाले. मग लगेच, "आणि गोपिका?"

"नाही झाली."

त्यांनी चष्मा काढला. खिडकीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही कुणाशी फारसं बोलले नाहीत. यमुताईंनी पेढे आणवले होते, त्यांचा डबा तसाच राहिला. सुमतीला वाटलं होतं, गोपिका नापास झाली की हे कुरतडणं तरी थांबेल. पण आता तिला गोपिकेच्या नापास होण्याचासुद्धा हेवा वाटत होता. आपल्या पास होण्यानं या घरात जे झालं नाही, ते तिच्या नापास होण्यानं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापूजी वरच्या खोलीत पडले होते. दाराला वाळ्याची ओली ताटी लावली होती, आत सावली आणि ओल्या गवताचा वास. सुमती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बापूजी, मी पास झालेय. तुम्ही तीन दिवस सुतक पाळताय."

ते उठून बसले.

"एकदा तरी मला शाब्बास म्हणायचं होतंत. खोटं म्हटलं असतंत तरी चाललं असतं." आणि मग थांबायचं ठरवूनही ती थांबली नाही. "तिला इंग्रजी मी शिकवत होते. तुम्ही वॉर्डातून घरी आल्यापासून मी ते बंद केलं. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. काही दुखत नव्हतं. होस्टेलचंही खोटं सांगितलं तुम्हाला. ती बोलता न आल्यामुळे नापास झाली."

बापूजी तिच्याकडे बघत राहिले. ती वाट पाहत होती की आता ते रागावतील. ते रागावले नाहीत.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. खाली सतरंजीकडे बघत ते बोलायला लागले.

"तू सेकंड इयरला होतीस. एकदा मी एका पेशंटला काही सांगितलं, आणि तू म्हणालीस, बापूजी, हे आता असं करत नाहीत, नवीन औषध आलंय. तुझं बरोबर होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तुला सुवर्णपदक मिळालं त्या दिवशी सगळ्या आळीत पेढे वाटले मी. आणि मग खाली जाऊन दवाखान्याचं दार लावून बसलो. बाहेर पाटी होती, एल.एम.पी. मुलगी माझ्या पुढे गेली, आणि ते मला बोचलं. बाप असून बोचलं. परवा तू पास झालीस तेव्हाही बोचलं. शाळेत पहिली यायचीस तेव्हापासूनच शाब्बास हा शब्द तुझ्यासाठी ओठावर आला की घशातच अडकायचा."

"आणि गोपिका?"

"ती कोण माझी? ती पुढे गेली तर माझं काय जातं? तिला शाब्बास म्हणताना मला काही मोजावं लागत नाही." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "हे चांगलं नाही, सुमा. पण आहे ते असं आहे."

ताटीतून पाणी ठिबकत होतं. सुमतीला रडू आलं नाही. आयुष्यभर ज्या शब्दासाठी ती धावली, तो तिच्या कमी पडण्यामुळे राहिला नव्हता, हे समजायला तिला वेळ लागत होता.

"म्हणजे हे माझ्यात आलं ते तुमच्याकडूनच," ती शेवटी म्हणाली.

"दिसतंय तर तसंच," बापूजी म्हणाले. मग म्हणाले, "माझं आता राहिलं. तुझं तुला अजून निस्तरता येईल."

दोन दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरनं सुमती नरखेडला उतरली आणि तिथून टांग्यानं गोपिकेच्या गावी गेली. ऊन मी म्हणत होतं. गोपिकेचे वडील मारोतराव ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही, पण नागपूरची डॉक्टरीण म्हणताच खाट टाकली, गुळाचा खडा आणि पाणी आणून ठेवलं. "आमची बाई गोठ्याकडे आहे, बोलावतो," म्हणाले. "आल्यापासून धड बोलत नाही कोणाशी. पेपर लय अवघड होते का जी?"

"पेपर अवघड नव्हते काका," सुमती म्हणाली.

गोपिका आली. हाताला शेण होतं, ते तिनं सावकाश धुतलं. मारोतराव दोर घेऊन उठून गेले.

"बापूजी बरे आहेत?"

"बरे आहेत." सुमतीनं मनात जुळवून आणलेली वाक्यं कुठेच्या कुठे गेली. "गोपिका, माझं डोकं दुखत नव्हतं."

"मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवशी. डोकं दुखणारा माणूस एवढं बारीक अक्षर वाचत नाही." ती समोरच्या पायरीवर बसली. "मले वाटलं, मी सुई टोचली याचा राग आला. मी लय विचार केला, म्हटलं चुकलं का माह्यं? तुह्यं घर, तुह्या बाप, तूच टोचायले पाहिजे होती. मी रात्रभर तेच घोकत होती. ऐन परीक्षेच्या टायमाले."

"तुझं काही चुकलं नाही. मला जळफळाट झाला. सुईच्या आधीपासून होत होता. ज्वारीच्या डब्यापासून."

गोपिका तिच्याकडे बघत राहिली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "तुले? माह्या? तू तर पहिली येते."

"हो."

"मी तुह्या हेवा करत होती," गोपिका म्हणाली. "त्या इंग्रजीचा. आणि तुह्या बाप डॉक्टर आहे याचा. माह्या बापाले तर मी काय शिकून राहिली तेही सांगता येत नाही. पण मी त्याच्यापायी तुह्यं वाटोळं नाही केलं."

सुमतीनं मान खाली घातली. गोठ्यातली गाय एकदा हंबरली.

"ऑक्टोबरला पुन्हा बस," सुमती म्हणाली. "मी शिकवीन. रोज एक तास."

"आणि पुन्हा जळफळाट झाला म्हणजे?"

"होईल," सुमती म्हणाली. "झाला तरी शिकवीन."

गोपिका हो म्हणाली ती सुमती निघताना, टांग्यात बसल्यावर, आणि तेही अशी अट घालून: "दीड तास. आणि मी चुकली की हसायचं नाही. तू हसते. तुले समजत नाही, पण हसते."

जूनमध्ये ती परतली. पहिल्यासारखं काही राहिलं नव्हतं. दोघी जपून बोलत, आणि काही संध्याकाळी फक्त कामापुरतंच बोलत. एकदा ऑगस्टमध्ये मोठं भांडण झालं. सुमतीनं एकाच वाक्यासाठी तिला नऊ वेळा थांबवलं. गोपिकेनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हे शिकवणं नाही, सूड आहे." सुमतीनं विचार केला, आणि तिला ते थोडं खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं थांबवणं सोडलं. चुका कागदावर टिपायच्या आणि शेवटी सांगायच्या, असं ठरलं. त्यानंतर गोपिका वेगानं पुढे गेली. बापूजी अधूनमधून दारात येऊन ऐकत आणि काही न बोलता वर जात.

ऑक्टोबरातल्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सुमतीची वॉर्डात ड्युटी होती. आता ती लेक्चरर होती. अकराच्या सुमाराला ती परीक्षेच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात आली. दार लोटलेलं होतं, आतलं स्पष्ट ऐकू येत होतं. परीक्षक मुंबईचे होते. त्यांनी उष्माघातावर विचारलं. गोपिका थांबली, तिच्या सवयीप्रमाणे एक श्वास घेतला, आणि बोलू लागली. इंग्रजी साधं होतं, नरखेडचा हेल तसाच होता. पण वाक्यामागून वाक्य येत होतं. नागपूरच्या मे महिन्यात एका दिवसात सोळा रुग्ण आले तेव्हा बर्फ कमी पडला, मग ओल्या चादरी आणि पंखे कसे वापरले, कुणाला आधी घेतलं, कुणाला मागे ठेवलं आणि का, हे ती सांगत होती. परीक्षकांनी मध्ये तोडलं नाही. ते विचारू लागले ते प्रश्न आता परीक्षेचे नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला हाच प्रश्न आला होता एप्रिलात, सुमतीला आठवलं. मी पुस्तकातलं सगळं सांगितलं होतं. हे मी सांगू शकले नसते.

आणि तेच जुनं कुरतडणं सुरू झालं, अगदी तसंच, बरगडीखाली. तिला त्याचं आता नवल वाटलं नाही. वॉर्डातून सिस्टर तिला बोलवायला आली. "दोन मिनिटं," सुमती म्हणाली आणि दाराशी उभी राहून उरलेलं उत्तर ऐकत राहिली. एका ठिकाणी गोपिकेचं क्रियापद चुकलं. सुमतीचा हात आपोआप ॲप्रनच्या खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.